डॉ. रिचर्ड ब्राइट : मूत्रपिंडविकाराची ओळख पटविणारे वैद्य

कोरमंगला येथील कोणत्याही तपासणी केंद्रात सकाळी गेल्यास लघवीच्या नमुन्याची लहानशी बाटली हाती घेऊन थांबलेली माणसे दिसतात. कोणाला मधुमेह असतो, कोणाचा रक्तदाब वाढलेला असतो, तर कोणाच्या पायांवर सूज आलेली असते. संध्याकाळी हाती येणाऱ्या अहवालात ‘अल्ब्युमिन’ असा एक शब्द असतो. बहुतेकांची नजर त्यावरून सहज पुढे सरकते. परंतु त्या एका शब्दामागे एका वैद्याच्या आयुष्यभराची साधना आहे. त्या वैद्याचे नाव डॉ. रिचर्ड ब्राइट.

इंग्लंडमधील ब्रिस्टल या बंदराच्या शहरी २८ सप्टेंबर १७८९ रोजी रिचर्ड यांचा जन्म झाला. वडील श्रीमंत व्यापारी व पेढीचे मालक होते. घरात विद्येविषयी आस्था होती आणि निसर्गशास्त्राची गोडी मुलांना लहानपणीच लागली होती. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, १८०८ मध्ये, ते एडिंबरो विद्यापीठात दाखल झाले. शिक्षण चालू असतानाच १८१० मध्ये सर जॉर्ज मॅकेंझी यांच्या मोहिमेबरोबर ते आइसलँडला गेले. त्या बर्फाळ व ज्वालामुखींच्या प्रदेशातील वनस्पती व प्राणी यांची टिपणे त्यांनी केली आणि ती मॅकेंझी यांच्या प्रवासग्रंथात समाविष्ट झाली. जे दिसले ते काळजीपूर्वक पाहावे, लगेच लिहून ठेवावे आणि शक्य तर त्याचे चित्र काढावे, ही सवय त्यांना या प्रवासात जडली. पुढे रुग्णालयातही हीच सवय त्यांच्या उपयोगी पडली.

आइसलँडहून परतल्यावर लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये त्यांनी काही काळ शिक्षण घेतले आणि १८१३ मध्ये एडिंबरोची वैद्यकीय पदवी मिळविली. त्यानंतर ते युरोपच्या प्रवासास निघाले. नेपोलियनच्या पाडावानंतर युरोपातील राजे व मुत्सद्दी व्हिएन्ना येथे जमले होते, त्या १८१४-१५ च्या हिवाळ्यात ब्राइटही तेथे होते. तेथून ते हंगेरीच्या खेड्यापाड्यांतून हिंडले. तेथील शेती, लोकजीवन आणि भटक्या जिप्सी लोकांची भाषा यांचा त्यांनी अभ्यास केला आणि १८१८ मध्ये स्वतः काढलेल्या चित्रांसह तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. परतीच्या वाटेवर ब्रुसेल्समध्ये वॉटर्लूच्या लढाईतील जखमी सैनिकांनी भरलेली रुग्णालये त्यांनी पाहिली.

लंडनला परतल्यावर त्यांनी साथीच्या तापाच्या रुग्णालयात काम पत्करले. तेथे रुग्णांची सेवा करीत असताना त्यांनाच तापाने गाठले आणि ते मरणाच्या दारातून परत आले. १८२० मध्ये गायज हॉस्पिटलमध्ये त्यांची सहायक वैद्य म्हणून व १८२४ मध्ये प्रमुख वैद्यांपैकी एक म्हणून नेमणूक झाली. याच वर्षांत त्यांच्यावर मोठा आघात झाला. १८२२ मध्ये त्यांचा विवाह मार्था बॅबिंग्टन यांच्याशी झाला होता. दुसऱ्याच वर्षी बाळंतपणानंतर मार्था निवर्तल्या. पुढे १८२६ मध्ये एलायझा फॉलेट यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला. दुःखाच्या त्या काळातही रुग्णालयातील त्यांचे काम थांबले नाही. दिवसातील बराच वेळ ते रुग्णांच्या खाटांपाशी आणि शवविच्छेदनाच्या खोलीत घालवीत.

त्या काळी अंगावर सूज घेऊन रुग्णालयात येणाऱ्यांची संख्या फार मोठी होती. चेहरा फुगलेला, पाय जड झालेले, पोटात पाणी साठलेले आणि धाप लागलेली, अशी त्यांची अवस्था असे. वैद्य सूज हाच रोग मानीत. तिचे मूळ कोणी यकृतात शोधी, कोणी हृदयात, तर कोणी रक्ताच्या अशक्तपणात. काही सुजलेल्या रुग्णांची लघवी तापविली असता अंड्याच्या पांढऱ्या बलकाप्रमाणे गोठते, हे नेपल्सचे कोतुन्यो आणि इंग्लंडमधील वेल्स व ब्लॅकॉल यांना ब्राइट यांच्या आधीच आढळले होते. परंतु या खुणेचा मूत्रपिंडाशी असलेला संबंध निश्चितपणे कोणी दाखविला नव्हता.

ब्राइट यांची पद्धत साधी होती. चमच्यात थोडी लघवी घेऊन तो मेणबत्तीच्या ज्योतीवर धरायचा. लघवी गढूळ होऊन गोठू लागली, की तिच्यात अल्ब्युमिन नावाचे प्रथिन आहे असे समजायचे. ही नोंद रुग्णाच्या नावासमोर लिहून ठेवायची. दुर्दैवाने रुग्ण दगावला, तर शवविच्छेदनाच्या वेळी त्याच रुग्णाची मूत्रपिंडे स्वतः तपासायची आणि आधीच्या नोंदीशी ताडून पाहायची. एकामागून एक रुग्णांच्या बाबतीत तेच आढळले. अंगावर सूज, लघवीत अल्ब्युमिन आणि विकृत झालेली मूत्रपिंडे, या तिन्ही गोष्टी एकत्र येत होत्या. काही मूत्रपिंडे मऊ व पिवळसर ठिपक्यांची, काही दाणेदार, तर काही आक्रसून टणक व खडबडीत झालेली होती. याउलट, यकृताच्या विकाराने सूज आलेल्या रुग्णांच्या लघवीत ही खूण सहसा सापडत नसे.

१८२७ मध्ये ‘रिपोर्ट्स ऑफ मेडिकल केसेस’ या त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. त्यातील रोगग्रस्त मूत्रपिंडांची रंगीत चित्रे आजही अभ्यासक आदराने पाहतात. आपल्याला दिसलेल्या अवस्था एकाच रोगाच्या पायऱ्या आहेत की वेगवेगळे रोग आहेत, हे ठामपणे सांगण्याचे मात्र त्यांनी टाळले. पुरावा जेथे थांबला तेथे तेही थांबले.

त्यांनी उकललेले हे गूढ आजच्या ज्ञानाच्या आधारे सहज समजते. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांतून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातील बहुतेक सर्व पाणी शरीर परत शोषून घेते आणि जेमतेम दीड-दोन लिटर लघवी बाहेर पडते. निरोगी गाळणी अल्ब्युमिन सहसा बाहेर जाऊ देत नाही. गाळणीला इजा झाली की ते लघवीतून वाहून जाते. रक्तात पाणी धरून ठेवण्याचे काम अल्ब्युमिनच करीत असल्यामुळे, ते फार कमी झाले की पाणी अवयवांत झिरपते. आजारी मूत्रपिंडे मीठ व पाणीही पुरेसे बाहेर टाकीत नाहीत. या सर्वांमुळे अंगावर सूज येते.

या विकाराची दोन रूपे ब्राइट यांच्या लक्षात आली होती. काही रुग्णांना विशेषतः आरक्त ज्वरानंतर अचानक सूज येई, लघवी कमी व लालसर होई, आणि त्यांतील काही जण पूर्ण बरे होत. दुसरे रूप अधिक फसवे होते. रुग्णाला बरे वाटू लागे, सूज ओसरे, तो कामावर परत जाई, परंतु लघवीतील अल्ब्युमिन तसेच राही. काही महिन्यांनी वा वर्षांनी तो परत येई, तेव्हा उपायांची वेळ टळून गेलेली असे. आज वैद्यक ज्यांना तीव्र व दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणते, त्यांची वाट अशी त्यांच्या नोंदवह्यांतून निघाली.

या कामाचे श्रेय त्यांनी एकट्याने घेतले नाही. रसायनतज्ज्ञ जॉन बॉस्टॉक यांनी त्यांच्या रुग्णांच्या रक्ताचे व लघवीचे पृथक्करण करून दिले. जो युरिया लघवीवाटे बाहेर जायला हवा, तो रक्तात साठत असल्याचे त्यातून पुढे आले. १८३६ मध्ये ब्राइट यांनी अशा १०० रुग्णांचा तक्ता प्रसिद्ध केला. त्यांतील अनेकांचे हृदय मोठे व जाड झालेले होते. रक्तदाब मोजण्याचे सोयीचे साधन त्या वेळी नव्हते, तरी मूत्रपिंड व हृदय यांचे नाते त्यांना जाणवले होते. १८४२ मध्ये गायजमध्ये केवळ मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी ४२ खाटांचे दोन कक्ष व त्यांना लागून एक लहान प्रयोगशाळा काही महिन्यांकरिता देण्यात आली. तेथे बार्लो व रीस हे तरुण वैद्य त्यांच्यासोबत काम करीत. एकाच रोगाचे रुग्ण एकत्र ठेवून खाटेजवळच त्यांच्या रक्ता-लघवीची तपासणी करण्याचा तो अगदी आरंभीचा प्रयत्न होता. थॉमस ॲडिसन व थॉमस हॉजकिन हे त्यांचे समकालीन सहकारी. या तिघांचीही नावे एकेका रोगाला मिळाली आणि तिघेही एकाच रुग्णालयातले, हा योग दुर्मीळच म्हणावा लागेल.

१८३७ मध्ये महाराणी व्हिक्टोरिया यांच्या वैद्यांमध्ये त्यांची नेमणूक झाली. कीर्ती व सन्मान मिळाले, तरी एक उणीव शेवटपर्यंत राहिली. रोग ओळखता आला, पण बरा करता आला नाही. रक्त काढणे, रेचके देणे, घाम आणणे हे त्या काळचे उपाय होते आणि त्यांची मर्यादा ब्राइट यांनी लपविली नाही. हाती औषध नसतानाही त्यांनी रोगाचा अभ्यास सोडला नाही, हे त्यांच्या चारित्र्याचे बळ होय. १६ डिसेंबर १८५८ रोजी लंडनमध्ये हृदयाच्या झडपेच्या विकाराने त्यांचे निधन झाले. त्यांचे एक पुत्र वैद्य झाले, तर दुसरे, जेम्स फ्रँक ब्राइट, इतिहासकार म्हणून व ऑक्सफर्डच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्रमुख म्हणून नावारूपाला आले.

उपायांची वाट पुढील शतकात सापडली. नेदरलँड्समध्ये डॉ. विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये कृत्रिम मूत्रपिंडाचा पहिला वापर केला. १९५४ मध्ये बॉस्टन येथे जुळ्या भावांमध्ये मूत्रपिंडाचे यशस्वी प्रत्यारोपण झाले. भारतात जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचे यशस्वी प्रत्यारोपण १९७१ मध्ये वेल्लोर येथे झाले. कोरमंगला येथील सेंट जॉन्स रुग्णालयासारख्या ठिकाणी आज मूत्रपिंडविकारांचे स्वतंत्र विभाग आहेत. तरीही डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीनदा येणाऱ्या रुग्णाचे व त्याच्या घरच्यांचे हाल पाहिले, की ब्राइट यांच्या चमच्याचे मोल कळते. कारण मूत्रपिंड बिघडताना बहुधा दुखत नाही. तक्रार जाणवेपर्यंत त्याची बरीचशी शक्ती गेलेली असते. अल्ब्युमिनची खूण मात्र अनेकदा त्याच्या कितीतरी आधी दिसते आणि तेव्हा रक्तदाब व साखर आटोक्यात ठेवून, वेदनाशामक गोळ्या मनाने घेण्याचे टाळून आणि योग्य औषधे घेऊन पुढची हानी लांबविता येते.

शाळा सोडून संसाराला लागलेल्यांपैकी अनेक जण आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. मुलांच्या परीक्षा व वृद्ध आईवडिलांची औषधे यांत स्वतःची तपासणी राहून जाते. मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा घराण्यात मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी वर्षातून एकदा लघवीतील अल्ब्युमिन व रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे, असे वैद्यकशास्त्र सांगते. ब्राइट यांच्या रुग्णांना रोगाची खूण कळूनही उपाय नव्हता. आजच्या रुग्णाला उपाय आहे, मात्र त्यासाठी ती खूण वेळेवर पाहिली जायला हवी.