सुब्रह्मण्यन चंद्रशेखर

चंद्रशेखर यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९१० रोजी लाहोर येथे झाला; पण ते वाढले मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत. बारा वर्षांचे होईपर्यंत त्यांनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते; त्यांचे शिक्षण घरीच झाले. प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्राची पदवी घेतल्यावर त्यांना इंग्लंडला जाण्यासाठी शिष्यवृत्ती मिळाली. त्या वेळी आई सीतालक्ष्मी फार आजारी होत्या. मुलाचा पाय घरातून निघेना. परंतु त्यांनीच जाण्याचा आग्रह धरला. १९३१ साली त्या निवर्तल्या. मायलेकांची पुन्हा भेट झाली नाही.

३१ जुलै १९३० रोजी मुंबईहून बोट निघाली. प्रवासात एकोणीस वर्षांचा हा तरुण आकडेमोड करीत बसे. इंधन संपलेला प्रत्येक तारा आकसून श्वेत बटू होतो आणि हळूहळू निवतो, असा तेव्हा समज होता. श्वेत बटूच्या वस्तुमानाला मर्यादा आहे, असे चंद्रशेखर यांच्या गणितातून निघाले. पुढे ती सूर्याच्या सुमारे १.४ पट ठरली. मग याहून जड ताऱ्याचे काय होणार?

११ जानेवारी १९३५ रोजी लंडनमध्ये त्यांनी हे संशोधन मांडले. लगेच थोर खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन उठले आणि त्यांनी त्याची थट्टा केली. एडिंग्टन या कामाची आपुलकीने चौकशी करीत असत. विरोध मात्र त्यांनी कधी बोलून दाखवला नव्हता. हेच अधिक लागले असावे. तरीही चंद्रशेखर यांनी त्यांच्याशी स्नेह तोडला नाही. १९३७ पासून ते शिकागो विद्यापीठात रमले, दुसऱ्या विषयांकडे वळले. नोबेल पारितोषिक मिळाले ते १९८३ साली. २१ ऑगस्ट १९९५ रोजी त्यांचे निधन झाले.

प्रचंड ताऱ्याचा गाभा ती मर्यादा ओलांडतो, तेव्हा तो क्षणार्धात कोसळतो आणि बाहेरचे थर स्फोटाने उधळले जातात. मागे उरतो तो न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर. सूर्याहून जड न्यूट्रॉन तारा एखाद्या शहराएवढ्या जागेत मावतो. तो इतका तप्त असतो की त्यातून क्ष-किरण बाहेर पडतात. पृथ्वीचे वातावरण ते अडवते, म्हणून दुर्बीण अवकाशात न्यावी लागते. २३ जुलै १९९९ रोजी अमेरिकेने अशी दुर्बीण सोडली. तिला ‘चंद्रा’ हे नाव दिले होते. चंद्रशेखर यांना मित्र याच नावाने हाक मारीत. ऑगस्टमध्ये तिचे पहिले छायाचित्र प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे ११,००० प्रकाशवर्षे दूर असलेल्या, ‘कॅसिओपिया ए’ नावाच्या, फुटलेल्या ताऱ्याचे अवशेष पसरलेले होते आणि त्यांच्या मध्यभागी, पूर्वी कोणालाही न दिसलेला, एक तेजस्वी ठिपका होता.