सातारा खालसा करणारा डलहौसी त्याआधी इंग्लंडच्या रेल्वे कंपन्यांना नडला होता

डलहौसी म्हटलं की मराठी माणसाला पहिलं आठवतं ते खालसा धोरण. १८४८ ला सातारा गेलं, पुढं झाशी आणि नागपूर. शाळेच्या पुस्तकात रेल्वे, तार आणि पोस्ट यांची आणखी एक ओळ असते. विषय संपला.

पण भारतात येण्याआधी हा माणूस लंडनमध्ये एका वेगळ्याच भानगडीत अडकला होता. रूळ एका कंपनीचे असतील, तर त्यावर दुसऱ्याची गाडी चालू द्यायची का? आणि ते ठरवायचं कुणी?

जेम्स ब्राऊन-रॅमसे उर्फ लॉर्ड डलहौसी. जन्म १८१२, स्कॉटलंड. १८४३ मध्ये तो ब्रिटनच्या व्यापार मंडळाचा उपाध्यक्ष झाला. अध्यक्ष होता ग्लॅडस्टन, तोच जो पुढं चारदा पंतप्रधान झाला.

तेव्हा रेल्वेचे कायदे टोलच्या रस्त्यासारखे लिहिलेले असायचे. कंपनीनं रूळ टाकायचे आणि ज्याला गाडी चालवायची त्यानं टोल भरायचा. १८२५ ला सुरू झालेल्या स्टॉकटन-डार्लिंग्टन मार्गावर हे खरंच चालायचं. कंपनीची कोळशाची इंजिनं आणि खासगी लोकांच्या घोडागाड्या एकाच रुळावर. त्यात मार्ग एकेरी. दोन गाड्या समोरासमोर आल्या की मागं कुणी सरायचं, यावरून भांडणं ठरलेली.

पुढं इंजिनांचा वेग वाढला. टोल भरून गाडी चालवायचा हक्क कायद्यात तसाच राहिला, पण स्टेशन आणि इंजिनात पाणी भरायची जागा कंपनीच्या ताब्यात. म्हणजे रूळ वापरा, पण प्रवासी कुठं उतरवायचे ते तुमचं तुम्ही बघा! १८३९-४० च्या संसदीय समितीनं मान्य केलं की हा हक्क नुसता कागदावर आहे, आणि अपघात टाळायचे तर एका मार्गाचा कारभार एकाच हातात हवा.

थोडक्यात मक्तेदारी मान्य झाली. मग तिला वेसण घालणं आलं. १८४० मध्ये रेल्वे खातं आणि निरीक्षक आले. १८४४ च्या ग्लॅडस्टनच्या कायद्यानं नव्या मार्गांवर गरिबांसाठी मैलाला एक पेनी दरानं रोज एक तरी गाडी सक्तीची केली. शिवाय २१ वर्षांनी हे मार्ग विकत घ्यायचा हक्क सरकारनं राखून ठेवला.

त्याच वर्षी नव्या मार्गांचे प्रस्ताव तपासायला एक मंडळ बसलं. त्याचा प्रमुख डलहौसी. कुठला मार्ग गरजेचा आणि कुठला नुसता स्पर्धेपायी आखलाय, हे मंडळ सांगायचं. कंपन्या खवळल्या. पंतप्रधान पील यांचं सरकार मंडळाच्या शिफारशींमागं ठाम उभं राहिलं नाही आणि १८४५ मध्ये मंडळ गुंडाळलं गेलं. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला प्रस्ताव जमा करायची शेवटची तारीख होती. रविवार असूनही नकाशे घेऊन आलेल्यांची व्यापार मंडळाच्या दारात मध्यरात्रीपर्यंत झुंबड उडाली. नंतर शेअर कोसळले, हजारो कुटुंबं बुडाली.

ही जखम घेऊन डलहौसी १८४८ च्या जानेवारीत गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्याला आला. वय ३५.

इंग्लंडमध्ये रुळांच्या दोन वेगळ्या रुंदींमुळं एका कंपनीची गाडी दुसरीच्या मार्गावर जाऊच शकत नव्हती. माल उतरवा, पुन्हा भरा. इथं तसं व्हायला नको म्हणून सगळ्या देशात एकच रुंदी हवी, असा त्याचा हट्ट होता. त्याला सहा फूट हवी होती, ठरली साडेपाच फूट. आजही आपलं ब्रॉडगेज तेवढंच आहे.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी धावली. चारच दिवसांनी, २० एप्रिलला, डलहौसीनं देशभरातल्या रेल्वेचं आपलं गाजलेलं टिपण लिहिलं. रेल्वे कंपन्यांनी बांधावी, पण लगाम सरकारच्या हातात राहावा, हा त्याचा सूर होता. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीशी १८४९ मध्येच झालेला करार तसाच होता. जमीन फुकट, भांडवलावर पाच टक्के परतावा पक्का, बदल्यात मार्गापासून भाड्यापर्यंत सरकारी देखरेख.

गोम त्या पाच टक्क्यांत होती. नफा ठरलेलाच असल्यावर काटकसर कोण करतंय? तूट इथल्या महसुलातून भरली गेली, म्हणजे ज्यांची राज्यं त्यानं खालसा केली त्यांच्याच रयतेच्या खिशातून. आणि एका रुंदीचा हट्टही टिकला नाही. १८७० नंतर लॉर्ड मेयोच्या काळात खर्च वाचवायला मीटरगेज आलं.

हे बघायला डलहौसी नव्हता. १८५६ मध्ये तो कुबड्या घेऊन मायदेशी परतला आणि १८६० च्या डिसेंबरमध्ये ४८ व्या वर्षी वारला. बोरीबंदर-ठाणे मार्गाची मालक असलेली कंपनी सरकारनं १९०० मध्ये विकत घेतली.