चुकलेल्या पंचाची देणगी : केन अ‍ॅस्टन



मैदानावर सर्वांत एकटा माणूस कोण असतो? दोन्ही संघांचे अकरा-अकरा खेळाडू असतात, प्रेक्षकांनाही आपापला संघ असतो. पंचाच्या बाजूने मात्र कोणीच नसते. त्याने नव्वद मिनिटे अचूक निर्णय दिले तर त्याचे नावही कोणी घेत नाही. एक चूक झाली तर ती वर्षानुवर्षे उगाळली जाते. आपल्या जळगाव-धुळ्याकडे फुटबॉलपेक्षा क्रिकेटचे वेड अधिक. पण अंपायरच्या वर गेलेल्या एका बोटावरून गल्लीत पेटलेली भांडणे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. म्हणून आज आपण अशा एका पंचाच्या जीवनाकडे पाहू या, ज्याची फजिती साऱ्या जगाने पाहिली आणि ज्याचे ऋण आज सारे जग वापरते.

केन अ‍ॅस्टन यांचा जन्म १९१५ साली इंग्लंडमधील कोलचेस्टर येथे झाला. पेशाने ते शिक्षक. १९३६ साली ते फुटबॉलचे पंच झाले. दुसऱ्या महायुद्धात पायाच्या दुखापतीमुळे त्यांना हवाई दलात घेतले नाही. ते तोफखान्यात गेले, तेथून भारतीय सैन्यात आले आणि युद्ध संपले तेव्हा लेफ्टनंट कर्नल होते. सिंगापूरमधील चांगी येथील युद्धगुन्ह्यांच्या न्यायाधिकरणावरही त्यांनी काम केले. पुढे ते शाळेचे मुख्याध्यापक झाले. थोडक्यात, शिस्त आणि न्याय यांची त्यांना चांगली ओळख होती. धुक्यात लाइन्समनची निशाणे दिसत नाहीत हे पाहून त्यांनी १९४७ साली भडक रंगाची निशाणे वापरायला सुरुवात केली. अडचण दिसली की उपाय शोधायचा, हा त्यांचा स्वभावच होता.

अशा अनुभवी माणसाची कसोटी २ जून १९६२ रोजी लागली. चिलीची राजधानी सँतियागो येथे विश्वचषकाचा चिली विरुद्ध इटली हा सामना होता. १९६० च्या भीषण भूकंपातून चिली नुकता सावरत होता. त्यातच काही इटालियन पत्रकारांनी त्या देशाविषयी अपमानकारक लेख लिहिले होते. त्यामुळे लोक आधीच संतापलेले होते. सुमारे ६६ हजार प्रेक्षकांसमोर खेळ सुरू झाला आणि काही सेकंदांतच पहिली आगळीक झाली. इटलीच्या फेरिनीला अ‍ॅस्टन यांनी बाहेर काढले, पण तो जाईना. शेवटी पोलिसांनी त्याला ओढत नेले. चिलीच्या सांचेझने इटलीच्या डेव्हिडला ठोसा मारला, तरी त्याला शिक्षा झाली नाही. थोड्या वेळाने डेव्हिडने सांचेझला लाथ मारली, तेव्हा डेव्हिडला मात्र बाहेर जावे लागले. पुढे सांचेझच्या ठोशाने मास्कियोचे नाकच मोडले. तरीही सांचेझ मैदानावरच राहिला. पोलिसांना पुन्हा पुन्हा आत यावे लागले. नऊ खेळाडूंवर आलेल्या इटलीला चिलीने २-० असे हरवले. हा सामना ‘सँतियागोची लढाई’ म्हणून इतिहासात नोंदला गेला.

इटलीवर अन्याय झाला हे उघड होते. सामना अर्ध्यावर थांबवला असता तर चवताळलेल्या गर्दीत इटालियन खेळाडूंचे काय झाले असते, ही चिंता अ‍ॅस्टन यांना होती, असे ते पुढे सांगत. लाइन्समनची साथ त्यांना पुरेशी मिळाली नाही, हेही खरे असेल. पण शिट्टी त्यांच्या हातात होती. चित्रफीत इंग्लंडमध्ये दूरचित्रवाणीवर दाखवली गेली आणि घराघरांत त्यांच्या कारभाराची चर्चा झाली. विश्वचषकाचा दुसरा सामना त्यांना पुन्हा कधी मिळाला नाही.

येथे बहुतेक माणसे दोनपैकी एक वाट धरतात. काही जण जन्मभर आपलेच कसे बरोबर होते ते सांगत बसतात. काही लाजेने खेळच सोडून देतात. अ‍ॅस्टन यांनी यातले काहीच केले नाही. १९६३ साली इंग्लंडच्या एफ. ए. कपच्या अंतिम सामन्याचे पंच म्हणून ते उभे राहिले. मग फिफाच्या पंच समितीवर गेले आणि १९६६, १९७० व १९७४ या तीन विश्वचषकांत पंचांची व्यवस्था त्यांनी पाहिली.

१९६६ साली लंडनच्या वेम्बली मैदानावर इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यात जुनाच प्रसंग पुन्हा घडला. जर्मन पंच क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाचा कर्णधार रात्तीन याला बाहेर काढले. पंचांना स्पॅनिश येत नव्हते, रात्तीनला जर्मन येत नव्हते. तो कितीतरी मिनिटे हलेना. शेवटी अ‍ॅस्टन यांनाच मैदानावर उतरून त्याची समजूत घालावी लागली. शिवाय त्याच सामन्यात इंग्लंडच्या चार्ल्टन बंधूंना पंचांनी ताकीद दिली होती, पण हे त्यांना स्वतःलाच वर्तमानपत्रातून कळले!

त्यानंतर मोटारीने जाताना लंडनच्या केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवर अ‍ॅस्टन यांना सिग्नल लागला. पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे थांब. ही भाषा कोणाला येत नाही? आपल्याकडे भुसावळच्या रेल्वे यार्डापासून महामार्गावरच्या चौकापर्यंत सर्वांना ती कळते. घरी पत्नी हिल्डा यांनी खिशात मावतील अशी दोन कार्डे कापून दिली. १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात ती प्रथम वापरली गेली. विश्वचषकातले पहिले लाल कार्ड १९७४ साली निघाले, तेही चिलीच्याच एका खेळाडूला! बदली खेळाडूंच्या क्रमांकाची पाटी हीदेखील अ‍ॅस्टन यांचीच कल्पना. २००१ साली, वयाच्या ८६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आता थोडा विचार करू या. चुका दोन प्रकारच्या असतात. एक डोळ्यांची : ठोसा दिसलाच नाही. माणूस आहे तोवर ती होणारच. २०१८ च्या विश्वचषकापासून व्हिडिओची मदत आली, तरी वाद संपले नाहीत. दुसरी चूक व्यवस्थेची असते : निर्णय झाला, पण ज्याच्यावर झाला त्याला तो कळलाच नाही. ही मात्र विचाराने दुरुस्त करता येते. अ‍ॅस्टन यांनी ती दुरुस्त केली. सँतियागोच्या खेळाडूंना त्याचा उपयोग झाला नाही, मास्कियोचे नाक त्यामुळे सरळ झाले नाही. झालेला अन्याय पुसता येत नाही. पण पुढच्या माणसावर तोच होऊ नये, एवढे आपल्या हातात असते.

पाचामुखी परमेश्वर असे आपण म्हणतो, पण पंच शेवटी माणूसच. आणि पंच आपण सगळेच आहोत : आईवडील, शिक्षक, दुकानाचे मालक, भावकीतले वडीलधारे. घरात मुलाला शिक्षा होते, पण कशाबद्दल ते त्याला समजत नाही. सुनेला घरचे नियम मोडल्यावरच कळतात. कामगाराचा रोज कापला जातो आणि कारण कोणी सांगत नाही. या आठवड्यात आपण एवढेच पाहू या : आपल्या हातून कोणावर चुकीचा निर्णय झाला आहे का? झाला असेल तर सबबी शोधू नये आणि तोंडही लपवू नये. त्याच्यापाशी बसून बोलावे. आणि पुढच्या वेळी लाल कार्ड काढण्याआधी पिवळे दाखवावे.