धरणांचा जागता पहारेकरी : सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

कोलाड, (वार्ताहर) - मुळशीचे पाणी भिरा येथे वीज निर्माण करून कुंडलिकेत उतरते आणि कोलाडजवळ डोलवहाळच्या बंधाऱ्यावर अडते. धरणांच्या भरवशावर नांदणाऱ्या या खोऱ्याने स्मरण ठेवावे असे नाव म्हणजे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

१५ सप्टेंबर १८६१ रोजी म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी येथे त्यांचा जन्म झाला. बालपणीच पितृछत्र हरपले. शिकवण्या करीत त्यांनी बंगळूर येथे पदवी संपादन केली व पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून अभियांत्रिकीची परीक्षा प्रथम क्रमांकाने उत्तीर्ण केली. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात ते रुजू झाले. नाशिक, खानदेश व पुणे ही त्यांची कर्मभूमी ठरली.

१९०३ साली खडकवासला धरणाच्या सांडव्यावर त्यांनी स्वयंचलित दारे बसविली. पाण्याची पातळी ठराविक रेषेपलीकडे जाताच ही दारे आपोआप उघडत व पूर ओसरताच मिटत. साठा वाढला, तरी धरणावर जादा भार येऊ नये, हा त्यामागील विचार होता. या रचनेचे स्वामित्वधन मात्र त्यांनी स्वीकारले नाही. पुढे हैदराबादची पूरनियंत्रण योजना, कृष्णराजसागर धरण आणि १९१२ ते १९१८ या काळातील म्हैसूरचे दिवाणपद त्यांनी गाजविले. १९५५ साली त्यांना भारतरत्न किताब लाभला.

परंतु धरणाला अखंड निगराणी हवी, हा धडा त्यांच्या हयातीतच मिळाला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे अपुरे मातीचे धरण फुटले. भरावाखालील नलिका खचल्याने भराव बसत गेला होता. त्या लोंढ्यापुढे खडकवासलाही टिकले नाही आणि पुणे जलमय झाले. त्यानंतर नऊ महिन्यांनी, १४ एप्रिल १९६२ रोजी, विश्वेश्वरय्या निवर्तले.

२ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण फुटून २० हून अधिक माणसे वाहून गेली. गळतीची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केली होती. त्याच वर्षी जानेवारीत ब्राझीलमधील ब्रुमाजिन्यो येथे लोहखाणीचा गाळ साठविणारा बांध कोसळून सुमारे २७० जण प्राणास मुकले. पाण्याचा असो वा खाणीच्या गाळाचा, बांध बहुधा आतून झिरपणाऱ्या पाण्याने दुबळा होतो. म्हणूनच भरावातील पाण्याचा दाब, गळतीचे प्रमाण व माथ्याचे खचणे यांची नियमित मोजणी अत्यावश्यक ठरते.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने मोठ्या धरणांची पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासणी बंधनकारक केली आहे. विश्वेश्वरय्यांचा जन्मदिन देशभर अभियंता दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी प्रतिमेस हार घालण्याबरोबरच तपासणीच्या नोंदवहीची पाने उलटली, तर धरणाखालची गावे निर्धास्त झोपतील.