लोकमान्यांचा मधुमेह आणि आजचा आखडलेला खांदा

नारायण पेठेतील केसरीवाडा, म्हणजे पूर्वीचा गायकवाड वाडा, राजकारणाच्या इतिहासामुळे सर्वांना ठाऊक आहे. या वाड्याचे धनी लोकमान्य टिळक दीर्घकाळ मधुमेहाचे रुग्ण होते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

टिळकांचा जन्म १८५६ साली रत्नागिरीत झाला. डेक्कन कॉलेजात दाखल झाले तेव्हा त्यांची प्रकृती अगदी तोळामासा होती. पहिले वर्ष त्यांनी अभ्यास बाजूला ठेवून तालीम, पोहणे आणि सकस आहार यांना दिले. परीक्षा गेली, पण शरीर कमावले. पुढच्या तुरुंगवासात ही शिदोरी कामी आली.

१९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेला गेले. तेव्हा ते ५२ वर्षांचे होते आणि मधुमेह जडलेला होता. त्या काळी या आजारावर परिणामकारक औषधच नव्हते. साखर लघवीत तपासायची आणि खाणे आवरायचे, एवढाच उपाय होता. टिळकांनी तो कसोशीने पाळला. नेहमीचे अन्न कमी करून सातूच्या पिठावर भर दिला. त्याच कोठडीत ‘गीतारहस्य’ लिहून झाले. १९१२ साली पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या, ती बातमीही त्यांनी तिथेच सोसली. जून १९१४ मध्ये ते गायकवाड वाड्यात परतले.

त्यानंतर होमरूलची चळवळ, दौरे, सभा, इंग्लंडचा प्रवास असे सगळे चालूच राहिले. जुलै १९२० मध्ये मुंबईत ताप आला, तो न्यूमोनियावर गेला आणि १ ऑगस्टला सरदारगृहात त्यांचे निधन झाले. मधुमेहाने पोखरलेल्या शरीरात जंतुसंसर्ग लवकर बळावतो. त्यावर चालणारी प्रतिजैविकेही तेव्हा नव्हती. दीड वर्षाच्या आत, जानेवारी १९२२ मध्ये, टोरांटोत एका मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले.

इन्सुलिनमुळे मधुमेही माणूस दीर्घायुषी झाला. त्याबरोबर मधुमेहाचे रेंगाळणारे त्रासही वाढले. त्यांतलाच एक म्हणजे आखडलेला खांदा, ‘फ्रोझन शोल्डर’. रक्तातील जादा साखर सांध्याभोवतालच्या आवरणातील तंतूंना चिकटते, आवरण जाड आणि ताठ होते. हात वर जात नाही, वेणी घालता येत नाही, रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. हा त्रास इतरांपेक्षा मधुमेहींत कित्येक पटींनी अधिक आढळतो.

त्यावर सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन देतात. सुरुवातीच्या, दुखण्याच्या काळात दिले तर काही आठवडे वेदना चांगली कमी होते. मात्र वर्षभराने पाहिले तर इंजेक्शन घेतलेले आणि न घेतलेले यांच्यात फारसा फरक उरत नाही. म्हणून दुखणे कमी असलेले हे आठवडे वाया घालवू नयेत. त्याच काळात फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम रोज केले, तर सांधा मोकळा होण्यास मदत होते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. स्टिरॉइडमुळे मधुमेहींची साखर काही दिवस वाढते, कधी बरीच वाढते. त्यामुळे इंजेक्शनपूर्वी आपल्याला मधुमेह आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, नंतरचा आठवडाभर घरी साखर मोजावी आणि औषधाची मात्रा बदलायची का, हे त्यांनाच विचारावे. साखर आधीच फार चढलेली असेल, तर ती आटोक्यात येईपर्यंत थांबणे बरे. चाळिशीनंतर कारण नसताना खांदा आखडला, तर मधुमेहाची तपासणीही करून घ्यावी.

टिळकांच्या हाती पथ्य आणि कमावलेले शरीर, एवढेच होते. आजच्या रुग्णाला इंजेक्शनाची जोड मिळाली आहे. पथ्य आणि व्यायामातून मात्र सुटका झालेली नाही.