रेव्हरंड टिळक

टिळक हे नाव उच्चारताच लोकमान्यांची मूर्ती आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु त्याच काळात त्याच आडनावाचे आणखी एक थोर पुरुष महाराष्ट्रात होऊन गेले. त्यांनी राजकारणाचे रणांगण गाजविले नाही. कविता, कीर्तन आणि दीनदुबळ्यांची सेवा हेच त्यांचे कार्यक्षेत्र होते. ते पुरुष म्हणजे फुलामुलांचे कवी नारायण वामन टिळक होत.

नारायणरावांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव या खेड्यात झाला. कोकणातील हिरवे डोंगर, ओढे आणि रानफुले यांच्या सहवासात त्यांच्या मनात सौंदर्याची आवड रुजली. आई जानकीबाई मोठ्या प्रेमळ होत्या. वडिलांचा स्वभाव मात्र कडक होता. नारायण लहान असतानाच आईचे छत्र हरपले आणि घर त्याला परके वाटू लागले. तो नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्या विद्वानापाशी त्याने संस्कृतचे अध्ययन केले. काही काळ शाळेत जाऊन तो इंग्रजीही शिकला. पुढे त्या काळच्या चालीप्रमाणे लहान वयातच त्याचा विवाह झाला. नाशिकजवळच्या जलालपूरची मनकर्णिका गोखले ही सासरी लक्ष्मी झाली. हीच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून मराठी साहित्यात अजरामर झाली.

टिळकांच्या अंगी बुद्धी होती, वाणी होती, काव्यशक्ती होती. नव्हते ते केवळ स्वास्थ्य. एखादी नोकरी धरावी, थोड्याच दिवसांत ती सोडावी आणि दुसऱ्या गावची वाट चालू लागावी, असा त्यांचा क्रम होता. पायाला जणू भिंगरी बांधलेली होती. हाती पैसा आला की तो पहिल्या गरजवंताच्या ओंजळीत पडे. संसाराची ओढाताण लक्ष्मीबाईंनी सोसावी आणि टिळकांनी नव्या कल्पनांच्या मागे धावावे, असे कित्येक वर्षे चालले. नागपुरास आप्पासाहेब बुटी या धनिक गृहस्थांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले. तेथे मान मिळाला. पण मनाला शांती लाभली नाही. आपला समाज दुबळा का झाला, माणसामाणसांत उच्चनीचपणाच्या भिंती का उभ्या राहिल्या, माणसाला माणसाजवळ आणणारा धर्म कोणता, हे प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देत नव्हते.

1893 साली ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले. गोष्टी संस्कृत काव्याच्या निघाल्या आणि शेवटी धर्मापर्यंत पोहोचल्या. निरोप घेताना त्या गृहस्थाने त्यांना नव्या कराराची एक प्रत दिली. तो प्रवासी कोण होता, हे टिळकांना पुढे कधीही कळले नाही. पुस्तक वाचण्याचे त्यांनी कबूल केले होते. म्हणून केवळ शब्द पाळण्यासाठी ते वाचू लागले. येशू ख्रिस्ताने डोंगरावर केलेल्या उपदेशापाशी येताच मात्र त्यांचे मन खिळले. शत्रूवरही प्रेम करावे, ही शिकवण त्यांच्या अंतःकरणाला भिडली. दोन वर्षे त्यांनी वाचन केले, विचार केला आणि अखेर 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबई येथे बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाची किंमत फार मोठी होती. आप्तेष्ट दुरावले. लक्ष्मीबाईंवर तर आकाशच कोसळले. लहानग्या दत्तूला घेऊन त्या चार वर्षांहून अधिक काळ पतीपासून दूर, नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. टिळकांना त्यांचे दुःख दिसत नव्हते असे नाही. परंतु त्यांनी पत्नीवर धर्मांतराची सक्ती केली नाही. जो विचार आपणास पटला तो आपण आचरावा, दुसऱ्याच्या मनाला मात्र त्याची वाट शोधू द्यावी, असे त्यांचे मत होते. पुढे लक्ष्मीबाई अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, पतीजवळ आल्या, तेव्हाही त्यांनी आपले सोवळेओवळे पाळले आणि टिळकांनी ते पाळू दिले. हळूहळू लक्ष्मीबाई स्वतःच विचार करू लागल्या. देवाने माणूस निर्माण केला, जाती मात्र माणसाने केल्या, ही गोष्ट त्यांना स्वानुभवाने पटली. 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. दुभंगलेला संसार पुन्हा सांधला गेला.

अहमदनगर ही टिळकांची कर्मभूमी ठरली. तेथे अमेरिकन मराठी मिशनचे मोठे केंद्र होते. टिळक धर्मशिक्षणाच्या विद्यालयात शिकवू लागले आणि 1904 साली त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली. तेव्हापासून ते रेव्हरंड टिळक झाले. पाळकाचे काम केवळ रविवारी मंदिरात उपदेश करण्याचे नसते. आजाऱ्याच्या उशाशी बसावे, शोक करणाऱ्याचे सांत्वन करावे, भांडणे मिटवावी, वाट चुकलेल्याला जवळ करावे, ही सारी त्याची कर्तव्ये असतात. ज्या माणसाला पूर्वी कोणत्याच नोकरीत करमत नव्हते, तो माणूस या कामात रमला. कारण येथे त्याला नुसती चाकरी नव्हे, तर जीवनाचे प्रयोजन सापडले होते.

ते दिवस दुष्काळाचे आणि प्लेगचे होते. अनाथ मुलांचे तांडे शहराकडे येत होते. टिळकांच्या घराचे दार अशा मुलांना सदैव उघडे असे. स्वतःच्या मुलांबरोबर परकी मुलेही त्याच पंगतीला बसत. घरात पैशांची चणचण असे. पण मायेचा दुष्काळ कधी पडला नाही. तरुण कवींनाही त्यांचा मोठा आधार वाटे. बालकवी म्हणून प्रसिद्धीस आलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे काही काळ टिळकांच्याच घरी राहिले आणि तेथे त्यांना आईबापांची माया मिळाली.

टिळकांना एक गोष्ट नेहमी खटके. मराठी ख्रिस्ती माणसे उपासनेत परक्या चालीची भाषांतरित गीते गात. ज्या भूमीत ज्ञानदेव-तुकोबांनी देवाला अभंग वाहिले, तेथे प्रार्थनेचे शब्द उसने का असावेत? आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानीत. त्यांनी शेकडो भजने, पदे व अभंग रचले. टाळ-मृदंगाच्या साथीने त्यांनी ख्रिस्तचरित्राची कीर्तने केली. 1912 पासून ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाच्या संपादनाचे कामही त्यांनी सांभाळले. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांनी आरंभिले. त्याचे दहा अध्याय पुरे झाले आणि अकराव्याला प्रारंभ झाला. ते अपुरे राहिलेले काव्य पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. त्यांची भजने मराठी ख्रिस्ती मंदिरांतून आजही गायिली जातात.

मान, घर आणि ठरलेले वेतन, सारे काही आता त्यांना लाभले होते. वयही उताराला लागले होते. तथापि 1917 साली त्यांनी एक विलक्षण निश्चय केला. वेतन घेऊन केलेली सेवा आणि वेतनावाचून केलेली सेवा यांत लोकांच्या दृष्टीने मोठे अंतर असते, हे त्यांनी ओळखले होते. त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि ते साताऱ्यास जाऊन राहिले. तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा सर्व ख्रिस्तभक्तांनी बंधुभावाने एकत्र यावे, असा त्यामागील हेतू होता. उद्याच्या भाकरीची शाश्वती नसतानाही त्यांची वृत्ती आनंदी असे. तारुण्यात त्यांनी नोकऱ्या सोडल्या होत्या त्या मनाच्या अस्वस्थतेमुळे. आता वेतन सोडले ते मनाच्या समाधानामुळे. या दोन त्यागांमध्ये जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

दरबाराचे कार्य नीट मूळ धरण्याआधीच टिळकांची प्रकृती ढासळली. 9 मे 1919 रोजी मुंबई येथे त्यांनी देह ठेवला. पुढे लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात पतीच्या गुणांबरोबर त्यांचा तापट स्वभाव, त्यांचा विसराळूपणा आणि त्यांची उधळी दानत यांचेही निर्मळ चित्र रेखाटले. त्यामुळे टिळक आपल्याला दोषांसह, जिवंत माणसासारखे भेटतात.

समाधान हे गाव बदलून, पद मिळवून किंवा द्रव्य साठवून लाभत नाही. आपल्या अंगच्या गुणांचा दुसऱ्यासाठी उपयोग होईल असे कार्य सापडावे आणि त्यात सर्वस्व ओतावे, म्हणजे ते आपण होऊन चालत येते. रेव्हरंड टिळकांचे चरित्र हीच गोष्ट आपल्याला शिकविते.