छत्रपती प्रतापसिंह महाराज : सुनावणीवाचून बंदिवास

सातारचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांचा जन्म 1793 मधला. गादीचे धनी असूनही त्यांचे बालपण व तारुण्य पेशव्यांच्या पहाऱ्यात गेले. फेब्रुवारी 1818 मध्ये आष्टीच्या लढाईनंतर ते इंग्रजांच्या हाती आले आणि एप्रिलमध्ये साताऱ्यास त्यांची स्थापना झाली. त्याच वर्षी डिसेंबरात देवासच्या पवारांनी व पुढील जानेवारीत धारच्या पवारांनी कंपनीशी तह केले. ही घराणी ज्या गादीची चाकर म्हणून माळव्यात उतरली, ती गादीही सप्टेंबर 1819 च्या तहाने कंपनीची अंकित झाली.

1822 मध्ये महाराजांच्या हाती कारभार आला. रस्ते, पाठशाळा, छापखाना यांत त्यांनी लक्ष घातले. स्वतः रोजनिशी ठेवली. साताऱ्याचे नगरवाचनालय आज त्यांचेच नाव मिरवते, हे ग्रंथालयाच्या स्मरणिकेत नमूद करणे अप्रस्तुत ठरू नये.

जहागीरदारांवरील हक्कांवरून मुंबई सरकारशी त्यांचे बिनसले. 1836 मध्ये कंपनीचे देशी शिपाई फितवल्याचा आरोप त्यांच्यावर आला. पुढे गोव्याच्या पोर्तुगीजांशी व नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधल्याचे आरोप जोडले गेले. आयोगाने साक्षी गुप्तपणे नोंदवल्या. दिवाण गोविंदरावांना धरून अहमदनगरास कैदेत ठेवण्यात आले. महाराज साक्षींच्या नकला मागत राहिले; त्या त्यांना देण्यात आल्या नाहीत. आरोपाचा आधारच ठाऊक नसेल, तर उत्तर द्यावे तरी कशाचे?

ऑगस्ट 1839 मध्ये गव्हर्नर सर जेम्स कारनॅक साताऱ्यास आले. तहभंगाची कबुली लिहून द्यावी म्हणजे गादी राहील, अशी त्यांची अट होती. एका सहीवर राज्य वाचत होते. महाराजांनी सही नाकारली आणि उघड चौकशी मागितली. त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोठी घटना हीच. बाकीचे पुष्कळसे राजेरजवाड्यांच्या सामान्य इतिहासासारखे आहे. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात फौजेने वाडा वेढला. महाराजांना पालखीतून जवळच्या लिंब गावी नेले आणि तेथून पुढे काशीस रवाना केले. बाळासाहेब सेनापती वाटेतच वारले. गादीवर धाकटे बंधू आप्पासाहेब, म्हणजे शहाजी, बसले.

खुद्द इंग्लंडात 1679 च्या कायद्याने बंदिवानाला न्यायाधीशापुढे आणण्याचा हक्क पक्का केलेला होता. पण 1828 मध्ये पुण्याच्या मोरो रघुनाथांसाठी मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयाने तसा हुकूम काढला, तेव्हा सरकारने तो मानला नाही, आणि 1829 मध्ये प्रिव्ही कौन्सिलनेही मुंबई शहराबाहेरच्या अशा माणसांबाबत न्यायालयाला हा अधिकार नाही असे ठरवले. 1818 च्या तिसऱ्या रेग्युलेशनने तर राजबंदी खटल्याशिवाय ठेवण्याची सोय आधीच करून ठेवली होती. कचेरीचे दार महाराजांसाठी बंदच होते. उरला तो विलायतेतील अर्ज.

तो अर्ज रंगो बापूजी गुप्ते यांनी लंडनमध्ये चौदा वर्षांच्या आसपास चालवला. जोसेफ ह्यूम, जॉर्ज थॉम्प्सन यांनी कंपनीच्या भागधारकांच्या सभेत हा विषय गाजवला. परंतु बहुमत संचालकांकडे राहिले. 14 ऑक्टोबर 1847 रोजी महाराज काशीस निवर्तले. त्यांना सुनावणी मिळाली नाही. पुढील एप्रिलात शहाजीही वारले आणि डलहौसीने सातारा खालसा केले. रंगो बापूजी 1853 पर्यंत लंडनमध्ये अर्ज लिहीतच होते.